मांजराचे हृदय आणि दुकानदाराचा गल्ला
कर्जत-खालापूरच्या व्यापारी व कारागीर बंधूंपुढे एक प्रस्ताव

या पानावर आम्ही नेहमी मालाचे भाव, कर्जाच्या योजना, कराचे नियम आणि नव्या धंद्यांची माहिती देतो. आजचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठी पडेल. विषय आहे मांजरांना होणारा आनुवंशिक हृदयरोग आणि त्यावरील संशोधनासाठी पैसा कसा उभा करावा हा. "माणसांच्या औषधाला पैसा नाही आणि तुम्ही मांजरांचे काय घेऊन बसलात?" असा सवाल कोणी केला तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर आम्ही पुढे देणार आहोत. तोवर वाचकांनी थोडा धीर धरावा.

मांजर आणि मुसलमानाचे घर यांचे नाते जुने आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे सहाबी हजरत अबू हुरैरा (रजि.) यांना ते नाव मिळाले तेच मांजराच्या पिलामुळे. मांजर बांधून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला मिळालेल्या शिक्षेची हदीस आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. आपल्या भागापुरते बोलायचे, तर कर्जत-नेरळच्या भातगिरण्यांत, खोपोलीच्या बेकऱ्यांत, किराणा मालाच्या गोदामांत मांजर हे बिनपगारी राखणदार आहे. एका मांजराने वर्षभरात वाचवलेल्या धान्याचा हिशेब कोणी मांडत नाही, पण तो मांडला तर तिच्या दुधाचा खर्च त्यात सहज वळता होईल.

अलीकडे यात एक नवा धंदा मिसळला आहे. लांब केसांच्या पर्शियन मांजरांची हौस मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली. आपल्यातील काही तरुण ही मांजरे पाळून पिले विकतात, काही जण त्यांचे खाद्य, वाळू आणि पिंजरे विकतात. म्हणून हा विषय या पानाचाच आहे.

रोग काय आहे?

या रोगाला डॉक्टर हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात. सोप्या शब्दांत, हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होत जाते. भिंत जाड झाली की कप्पा नीट सैल पडत नाही आणि त्यात रक्त पुरेसे भरत नाही. हळूहळू फुप्फुसात पाणी साठते, किंवा हृदयातच रक्ताची गुठळी तयार होते. ती गुठळी सुटून मागच्या पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत अडकली, तर कालपर्यंत उड्या मारणारे मांजर अचानक मागचे पाय ओढू लागते, वेदनेने किंचाळते, त्याचे पंजे गार पडतात. घरचे लोक समजतात, कुठून तरी पडले असेल, नाहीतर कोणी काठी मारली असेल.

मांजरांमध्ये हृदयाचा हाच आजार सर्वांत जास्त आढळतो. लंडनमध्ये मांजरांना नवे घर मिळवून देणाऱ्या केंद्रांत वरकरणी निरोगी दिसणारी मांजरे तपासली गेली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभरातील सुमारे पंधरा मांजरांत हा आजार सापडला. नरांमध्ये तो अधिक दिसतो. कित्येकदा कानाला नळी लावूनही काही ऐकू येत नाही. खात्री होते ती हृदयाच्या सोनोग्राफीने, म्हणजे इकोने.

बरा करणारा उपाय अजून नाही. पाणी उतरवण्याच्या गोळ्या देतात आणि गुठळी होऊ नये म्हणून माणसांच्या हृदयरोग्यांना देतात तेच क्लोपिडोग्रेल देतात. एकदा गुठळी होऊन गेलेल्या मांजरांना ॲस्पिरिनपेक्षा हे औषध अधिक उपयोगी पडते, हे २०१५ च्याच एका अभ्यासाने दाखवले. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, लक्षणे दिसण्याआधीच्या अवस्थेत देण्यासाठी, पहिल्या औषधाला सशर्त मान्यता दिली. ते औषध म्हणजे सिरोलिमस, अर्थात रॅपामायसिन. पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटाच्या मातीतील जिवाणूपासून ते मिळाले आणि त्याचा शोध लावण्यात सुरेंद्रनाथ सेहगल या आपल्याच उपखंडात जन्मलेल्या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता.

एका मांजराच्या नावाचा निधी

आता पैशाकडे वळू. औषध कंपन्या जिथे मोठी बाजारपेठ असते तिथे पैसा घालतात. सरकारचा पशुवैद्यकीय पैसा गाय, म्हैस, शेळी आणि कोंबडीकडे जातो, आणि ते योग्यही आहे. मग मांजराच्या हृदयावर संशोधन करायला पैसा आला कुठून?

अमेरिकेत मांजरपाळ्यांच्या संघटनेने १९६८ साली विन फिलाईन फाउंडेशन नावाची संस्था काढली. आज तिचे नाव एव्हरीकॅट हेल्थ फाउंडेशन असे आहे. शिकागोचे पत्रकार स्टीव्ह डेल यांचे रिकी नावाचे मांजर या रोगाने दगावले. डेल यांनी २००२ साली या संस्थेत रिकीच्या नावाने स्वतंत्र निधी उघडला. तो फक्त याच एका रोगासाठी होता. सामान्य मांजरपाळ्यांनी दिलेल्या देणग्यांतून त्यात एक लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली.

या निधीतून आणि अशाच इतर देणग्यांतून जे संशोधन झाले त्याचे फळ लवकर दिसले. मेन कून जातीच्या मांजरांत हा रोग पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, हे डॉ. मार्क किटलसन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिले होते. २००५ साली डॉ. कॅथरिन म्यूर्स आणि सहकाऱ्यांनी त्यामागचा जनुकातील नेमका बिघाड शोधला. माणसाच्या बाहेर एखाद्या प्राण्यात या रोगाचे असे जनुकीय कारण आपोआप घडलेले सापडले, ते हे पहिलेच. २००७ साली रॅगडॉल जातीतील बिघाडही सापडला. त्यानंतर गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना घेऊन चाचणी करता येऊ लागली. मेन कून जातीत सुमारे एक तृतीयांश मांजरे हा दोष बाळगून असतात, हे त्यातूनच कळले. दोष असलेल्या दोन मांजरांची जोडी लावायची नाही, एवढी काळजी घेतली तरी पुढच्या पिलांचा धोका बराच कमी होतो.

आपल्याकडे पर्शियन मांजरे जास्त. पर्शियनलाही हा रोग होतो, पण त्यांच्यातील दोषी जनुक अजून निश्चित झालेले नाही. मेन कूनची चाचणी पर्शियनला लावून उपयोग नाही. म्हणजे आपल्या बाजारात जी जात विकली जाते तिच्यासाठीच हे काम व्हायचे आहे.

मुंबईच्या व्यापाऱ्यांचा "लागा"

हे सारे परदेशातले, आपल्याला कसे जमेल, असे कोणी म्हणू नये. जनावरांसाठी पैसा उभा करण्याची सर्वांत चोख रीत मुंबईच्या व्यापाऱ्यांनीच घालून दिली आहे. १८३२ साली इंग्रज सरकारने रस्त्यावरची कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा मुंबईत दंगल झाली. त्यानंतर १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि जैन-गुजराती व्यापाऱ्यांनी भुलेश्वरला पांजरापोळ उभी केली. तिचा खर्च कसा चालला, हे आपल्या बंधूंनी मुद्दाम समजून घ्यावे. व्यापाऱ्यांनी आपसात ठरवून मालाच्या उलाढालीवर एक छोटी पट्टी बसवली. तिला "लागा" म्हणत. कोणाला ती जाणवत नसे, पण बाजार चालू तोवर पैसा चालू.

पुढे दिनशा माणेकजी पेटीट यांच्या दानातून १८८३ साली परळला जनावरांचे रुग्णालय झाले. त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचे नाव त्याला आहे. १८८६ साली तिथेच मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, जे आज महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली आहे. अलीकडे, जुलै २०२४ मध्ये, टाटा ट्रस्टने महालक्ष्मीला लहान प्राण्यांचे मोठे रुग्णालय सुरू केले. पारशी आणि जैन व्यापाऱ्यांनी हे केले. आपल्या इतिहासातही वक्फांमधून मुक्या जनावरांच्या दाणापाण्याची सोय होत असे. कैरो शहरात सुलतान बैबर्सने मांजरांसाठी बाग वक्फ केल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. तेव्हा ही गोष्ट आपल्याला परकी नाही, फक्त आपण ती विसरलो आहोत.

आता त्या सवालाचे उत्तर

माणसांना सोडून मांजरांसाठी का, हा सवाल सुरुवातीला घेतला होता. त्याचे उत्तर त्या जनुकातच आहे.

मेन कून मांजरांत जो जनुक बिघडलेला सापडला त्याचे नाव एमवायबीपीसी-३. हृदयाच्या स्नायूतील एक प्रथिन घडवणे हे त्याचे काम. हाच जनुक माणसातही आहे. २००९ साली डॉ. धंदापाणी, हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेचे डॉ. के. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक संशोधन प्रसिद्ध केले. भारतीय उपखंडातील लोकांत या जनुकाचा पंचवीस अक्षरांचा एक तुकडा गळालेला आढळतो, आणि शंभरातील सुमारे चार जणांत तो तसा असतो, असे त्यात दिसले. याचा संबंध उतारवयातील हृदय निकामी होण्याशी जोडला गेला. नंतरच्या अभ्यासांनी हे स्पष्ट केले की हा बदल असला म्हणजे आजार होतोच असे नाही, शेजारचे इतर बदलही त्यात भर घालतात. पण आई आणि वडील दोघांकडूनही तो आला, तर धोका बराच वाढतो. ज्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच सोयरिकी होतात, त्यांनी ही गोष्ट घाबरून न जाता, पण गांभीर्याने ध्यानात घ्यावी. घरात कोणी ऐन तारुण्यात अचानक दगावले असेल, तर बाकीच्यांनी एकदा हृदयाचा इको करून घ्यावा.

सांगायचा मुद्दा हा की मांजराचे हृदय आणि माणसाचे हृदय या बाबतीत एकाच वाटेने बिघडते. मांजराचे आयुष्य लहान असते, म्हणून माणसात चाळीस वर्षांनी दिसणारी गोष्ट त्याच्यात चार-पाच वर्षांत दिसते. मांजरासाठी दिलेला रुपया मांजरापाशीच थांबत नाही.

विक्रेत्यांसाठी दोन शब्द

मांजर विकणे जायज आहे का, हे आधी पाहू. चारही मजहबांच्या बहुसंख्य फुकहांनी पाळीव मांजराची विक्री जायज मानली आहे. हजरत जाबिर (रजि.) यांच्या रिवायतीच्या आधारे काही विद्वानांनी ती मना केली आहे. कोकणात आपण शाफई आहोत, हनफी आहोत, ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारावे.

पण ऐब लपवून माल विकणे नाजायज आहे, यात कोणाचेच दुमत नाही. मदिनेच्या बाजारात प्रेषित (स.) यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तो आत ओला लागला. वरून कोरडे धान्य दाखवणाऱ्या त्या विक्रेत्याला त्यांनी काय सुनावले हे सर्वांना माहीत आहे. ज्या मादीची पिले वारंवार अचानक दगावतात, तिची पिले काही न सांगता विकणे ही तीच ओली रास आहे. अशी मादी किंवा नर पैदाशीतून काढावा, विक्रीच्या पावतीवर आई-बापाची माहिती लिहावी, शक्य असेल तर पैदाशीच्या जनावरांचा वर्षाला एक इको करावा. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ चे केंद्राचे नियम आहेत, त्यांप्रमाणे दुकानाची नोंदणीही करून घ्यावी. खरे सांगणाऱ्याचे पिलू थोडे महाग विकले गेले तरी गिऱ्हाईक परत येते.

कोणता पैसा, कोणता नाही

निधी उभा करायचा तर पैशाची जात आधी पाहावी लागते.

जकातीचे आठ हक्कदार कुरआनने ठरवून दिले आहेत. मांजरांवरचे संशोधन त्यात बसत नाही. गरीब, कर्जबाजारी आणि मुसाफिर यांच्या हक्काचा एक पैसाही इकडे वळवू नये. कुर्बानीच्या कातड्यांचे मदरशांचे उत्पन्न भाव कोसळल्याने आधीच आटले आहे, त्यालाही हात लावू नये. इथे फक्त नफली सदका आणि लिल्लाह रक्कम चालेल. बँकेत साठलेल्या व्याजाच्या रकमेचे काय करावे, हा प्रश्न बऱ्याच व्यापाऱ्यांना असतो. ती अशा कामी द्यावी का, हे आपापल्या मुफ्तींना विचारूनच ठरवावे. आम्ही फतवा देणारे नाही.

कर्जत-खालापूरसाठी आराखडा

आता हिशेबाला बसू. समजा, कर्जत, नेरळ, खोपोली आणि चौक या बाजारांतील पन्नास दुकानदार व कारागीर तयार झाले. प्रत्येकाने दुकान उघडताना रोज दहा रुपये डब्यात टाकले आणि वर्षात तीनशे दिवस दुकान चालले. वर्षाला दीड लाख रुपये झाले. दहा रुपयांत आज अर्धा चहाही नीट मिळत नाही. जुन्या मुंबईचा "लागा" तो हाच.

दीड लाखात रोगावर औषध निघणार नाही, हे उघड आहे. पण पशुवैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला पर्शियन मांजरांचे इको आणि रक्ताचे नमुने गोळा करायला याचा मोठा आधार होईल. अशा नमुन्यांतूनच पुढे जनुक सापडतो. परळ आपल्याला दूर नाही. कर्जत आणि खोपोलीहून लोकलने तिथे पोचता येते. देणाऱ्यांनी एक अट मात्र घालावी. अभ्यास मालकांच्या संमतीने, पाळलेल्या मांजरांवरच व्हावा, कोणत्याही मांजराला मुद्दाम आजारी पाडू नये, आणि संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी असावी.

काम सुरू करण्याआधी पुढील गोष्टी पक्क्या कराव्यात.

एक, शक्यतो नवी संस्था काढू नये. आधीच नोंदणी असलेल्या सार्वजनिक न्यासात रिकी निधीसारखे वेगळे खाते ठेवावे. लोकांकडून वर्गणी काढण्यापूर्वी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी.

दोन, डब्याला दोन कुलपे असावीत आणि चाव्या दोन वेगळ्या माणसांकडे. दर महिन्याला डबा चौघांसमोर उघडावा, रक्कम त्याच दिवशी बँकेत भरावी.

तीन, संशोधकाच्या हातात रोख देऊ नये. धनादेश महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या नावे काढावा, त्यावर कामाचे नाव लिहावे आणि वर्षाअखेर पैसा कुठे गेला याचे प्रमाणपत्र मागावे.

चार, आपल्या घराघरांतून माणसे आखाती देशांत आहेत. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी बांधवाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी देणगी धरली जात नाही. पण दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतलेला माणूस, जरी तो सख्खा भाऊ असला, तरी कायद्याने परदेशी स्रोत ठरतो. त्याची रक्कम घ्यायची तर न्यासाला एफसीआरए नोंदणी लागते. इथे चूक झाली तर चांगले काम करणारी संस्थाही अडचणीत येते.

पाच, प्राप्तिकराची सवलत मिळेल या आशेवर कोणी बसू नये. ती जुन्या करपद्धतीने विवरण भरणाऱ्यालाच मिळते, न्यासाला तशी मान्यता लागते, आणि दोन हजारांहून अधिक रोख दिली तर मिळत नाही. आपल्या सीएला विचारावे.

घरी मांजर असेल तर

पैसा जमेल तेव्हा जमेल, आजची खबरदारी फुकट आहे. मांजर गाढ झोपलेले असताना त्याचा श्वास मिनिटभर मोजावा. छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास. तीसपेक्षा जास्त श्वास वारंवार भरत असतील, मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल, किंवा मागचे पाय अचानक लुळे आणि गार पडले असतील, तर सकाळची वाट पाहू नये. घरगुती औषध तर मुळीच देऊ नये. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषासारखी आहे, अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो.

शेवटी

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदतीला धावणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसे होती. संकट आल्यावर धावून जाणे या भागाला शिकवावे लागत नाही. संशोधनाला दिलेला पैसा मात्र संकट येण्याआधी द्यायचा असतो. त्याचे फळ देणाऱ्याला कदाचित दिसतही नाही. आज लावलेल्या आंब्यासारखा तो आहे. खाईल नातवंड, पण सवाब लावणाऱ्याला.

कर्जत किंवा खोपोलीच्या एखाद्या बाजारातील दहा जणांनी जरी या प्रस्तावावर जुम्याच्या नमाजनंतर एकत्र बसून विचार केला, तरी आमचे काम झाले. पन्नास डबे एकदम लागायला हवेत असे नाही, पाचांपासूनही सुरुवात होते. अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल कमाईत बरकत देवो आणि मुक्या जिवांवर रहम करण्याची तौफीक देवो. आमीन.